एप्रिल-मेमधला हिमालयातला बर्फ आणि हिमस्खलन : ठाणे-नवी मुंबईतल्या ट्रेकर्सचे नेहमीचे प्रश्न

परीक्षा संपल्या की ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, पनवेल इथून हिमालयात जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते. सर पास, बुरान घाटी, रूपिन, बाली पास या हिमालयातल्या खिंडींची नावं आता आपल्याकडे माहुली-प्रबळगडाइतकीच सहज घेतली जातात. जाण्याआधीच्या बैठकीत गटातले नवे-जुने जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ही उत्तरं प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. पण खिंडीच्या दिवशी पहाटे तंबूबाहेर आल्यावर कुठे पाहायचं, कशाला हात लावायचा आणि कधी मागे फिरायचं, हे प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवं. ते फक्त लीडरचं काम नाही.

मे महिन्यात कुठलं आलंय हिमस्खलन? थंडी तर संपलेली असते ना?

थंडी संपते, बर्फ संपत नाही. चार हजार मीटरच्या वरच्या उतारांवर हिवाळाभर साठलेला बर्फ मेअखेरपर्यंत, काही ठिकाणी जूनमध्येही असतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर हिमस्खलन झालं आणि ७ पर्यटक गेले. ती माणसं कुठली मोहीम करत नव्हती, गाडीने फिरायला आली होती. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडच्या नीती खोऱ्यात सुमनाजवळ रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ आला. मार्च १९७९ मध्ये लाहौलमध्ये लागोपाठ झालेल्या हिमस्खलनांनी २०० हून अधिक बळी घेतले. तेव्हा ‘हिवाळा गेला, धोका गेला’ हे डोक्यातून काढून टाका. धोका असतोच, त्याचं कारण मात्र बदलतं.

कारण बदलतं म्हणजे काय?

भर हिवाळ्यात प्रश्न मुख्यतः वजनाचा असतो. नवा बर्फ पडतो, वारा तो एका बाजूला नेऊन साठवतो आणि खालच्या एखाद्या कमकुवत थराला तो भार पेलत नाही. मग वरचा अख्खा थर सुटून खाली येतो. यालाच स्लॅब म्हणतात.

वसंतात प्रश्न पाण्याचा असतो. ऊन पडलं की वरचा बर्फ वितळतो आणि पाणी कणांमधून खाली झिरपतं. हिवाळ्यात कणांना एकमेकांशी बांधून ठेवणारे बर्फाचे सांधे या पाण्याने विरघळायला लागतात. पाणी झिरपत एखाद्या जुन्या कडक पापुद्र्यावर किंवा गुळगुळीत खडकावर पोचलं की तिथे अडतं आणि पसरतं. वरचा जड, भिजलेला थर मग त्या ओल्या पृष्ठभागावर उभा असतो.

जुलै २०२३ मधली इर्शाळवाडी आपल्यापासून फार लांब नाही. मुसळधार पावसात डोंगराचा उतार कसा सुटतो, हे रायगड-ठाण्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माती आणि बर्फ यांचे गुणधर्म वेगळे आहेत. तरी उतारात मुरलेलं पाणी त्याची पकड काढून घेतं, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. फरक इतकाच की सह्याद्रीत पाणी आभाळातून येतं, आणि हिमालयात मे महिन्यात ते स्वच्छ, सुंदर, निळ्या आकाशाखालीही तयार होतं. आपल्या माणसाला फसवतं ते हेच. ढग नाहीत, वारा नाही, फोटोला झकास ऊन आहे. आणि नेमका तेव्हाच, दुपारी, उतार सर्वांत कमजोर असतो.

म्हणून रात्री दोन-तीनला उठवतात का?

हो. रात्री वरचा थर गोठतो आणि ते कवच उताराला काही तास धरून ठेवतं. मे महिन्यात हिमाचल-उत्तराखंडमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. पूर्वेकडे तोंड केलेले उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. उत्तरेकडचे उतार सगळ्यांत उशिरा, पण त्यांच्यात हिवाळ्याचे जुने कमकुवत थरही जास्त काळ टिकतात. म्हणून ‘उत्तरेकडचा उतार म्हणजे सुरक्षित’ असंही समजू नका.

आपण सह्याद्रीत उशिरा निघून, वाटेत नाश्ता करून, बारापर्यंत माथा गाठतो. तिथे ते चालतं. बर्फाच्या खिंडीत ‘किती वाजता वर पोचू’ यापेक्षा ‘पलीकडचा उतार किती वाजता उतरून संपेल’ हा हिशेब आधी करायचा आणि त्यावरून निघायची वेळ काढायची. खिंड पश्चिमेकडून चढून पूर्वेला उतरायची असेल, तर तुम्ही सावलीत चढत असताना पलीकडचा उतार केव्हाचा उन्हात भाजत असतो. हे नकाशावर घरीच पाहून घ्या.

फोनवर रात्रीचं तापमान २ अंश दाखवत होतं, तरी सकाळी बर्फ दगडासारखा होता. आणि दुसऱ्या दिवशी तितकंच तापमान असून पाय रुतत होते. असं का?

कारण हवेचं तापमान आणि बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान एक नसतं. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढगांचं पांघरूण असेल तर ही उष्णता अडते आणि बर्फ ओलाच राहतो. म्हणून तापमानाच्या आकड्याइतकाच हाही प्रश्न महत्त्वाचा: काल रात्री तारे दिसत होते का? रात्री लघवीला उठाल तेव्हा मान वर करा आणि वेळ लक्षात ठेवा. अकराला आकाश स्वच्छ, दोनला ढग, असं असेल तर गोठण्याचे तास कमी मिळाले. हे निरीक्षण फुकट आहे, त्याला कुठलंही उपकरण लागत नाही, आणि माझ्या मते वसंतात एवढं उपयोगी दुसरं काहीच नाही.

लागोपाठ दोन-तीन रात्री ढगाळ आणि उबदार गेल्या, किंवा बर्फावर पाऊस पडला, तर पहाटे निघूनही उपयोग नसतो. त्या दिवशी खिंड नाहीच.

कवच नीट गोठलंय की नुसता वर पापुद्रा आहे, हे कसं ओळखायचं?

पायाने. सपाट, सुरक्षित जागी सगळं वजन एका पायावर टाका. पाय वरच राहिला, फार तर बुटाच्या तळव्याइतका ठसा उमटला, तर कवच वजन पेलतंय. घोट्यापर्यंत गेला तर वेळ संपत आली आहे. गुडघ्यापर्यंत जात असेल, तर ३० अंशांवरच्या उतारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी तुमचं काही काम नाही.

मग हातमोजा घालून मूठभर बर्फ दाबा. गोळा बनतच नसेल तर बर्फ कोरडा आहे. गोळा बनला तर दमट. दाबल्यावर बोटांमधून पाणी निघालं तर तो फार ओला आहे. पापुद्रा काठीने फोडून त्याच्या खालचा बर्फही असाच तपासा, कारण वर दोन बोटं कवच आणि खाली चिखल अशी अवस्था बऱ्याचदा असते. सूर्य वर आला की ते कवच फार वेळ टिकत नाही.

उतार किती तीव्र असला की धोका?

बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. सर्वांत जास्त अडतिशीच्या आसपास. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साठून राहत नाही, थोडा थोडा पडत राहतो. पूर्ण भिजलेला बर्फ मात्र कमी उतारावरूनही सरकू शकतो. अंदाज यावा म्हणून: आपल्या सोसायटीचा जिना साधारण ३० अंशांचा असतो. बर्फाच्या उतारावर तो तीव्रपणा बघितला की सावध व्हायचं.

मोजायला दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक काठी उतारावर सरळ उभी धरा. दुसरी आडवी, क्षितिजाला समांतर धरून तिचं एक टोक उभ्या काठीला लावा आणि दुसरं वरच्या बाजूच्या उताराला टेकेपर्यंत ती वर-खाली करा. आडवी काठी उभीच्या माथ्याला येऊन टेकली तर उतार ४५ अंश. बरोबर निम्म्यावर टेकली तर साधारण २७. म्हणजे निम्म्याच्या वर गेली की तुम्ही धोक्याच्या पट्ट्यात शिरताय. फोनमध्येही कोन मोजण्याची सोय असते, पण थंडीत बॅटरी उतरते. काठ्यांचं तसं नाही.

एक गोष्ट विसरू नका. तुम्ही स्वतः सपाटीवर असलात तरी डोक्यावरचा उतार ३५ अंशांचा असू शकतो. जेवायची जागा, तंबूची जागा, फोटोची जागा, सगळीकडे आधी वर बघायचं.

याचा सराव ठाण्यात कसा करणार? इथे बर्फच नाही.

कोनाचा सराव येऊरला, पारसिकच्या डोंगरावर, खारघरच्या टेकड्यांवर मजेत होतो. आधी नजरेने अंदाज सांगायचा, मग मोजायचा. सुरुवातीला जवळजवळ सगळे जण उतार आहे त्याहून तीव्र सांगतात. काही रविवारी केलं की नजर बसते. त्याच वेळी घड्याळाकडे बघून कोणत्या बाजूला ऊन किती वाजता येतं, याची नोंद करायची सवय लावा. बर्फाशिवाय यातलं पुष्कळ शिकता येतं.

मागे फिरायचं हे सांगणाऱ्या खुणा कोणत्या?

उतारावरून आपोआप घरंगळत येणारे बर्फाचे गोळे. सुरुवातीला लिंबाएवढे आणि तुरळक असतात, मग मोठे होत चाकासारखे गुंडाळत येतात. हे दिसलं की वरचा थर भिजतोय. खडकाच्या कडेने पाण्याची धार लागणं. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येऊन बर्फ खचणं. पावलापासून पुढे पळत जाणारी भेग. शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन. या शेवटच्या तीनपैकी एकही गोष्ट दिसली तर चर्चा नको, परत. आवाज आणि भेग म्हणजे थर आत्ताच, तुमच्या वजनाने तुटलाय.

जुन्या खुणाही वाचता येतात. भोजपत्राच्या झाडांच्या एकाच बाजूच्या फांद्या मोडलेल्या, खोडं खालच्या दिशेने वाकलेली, किंवा दाट रानात मधोमध एक रिकामा पट्टा: तिथून बर्फ नेहमी जातो. तंबू तिथे नाही.

ट्रेकच्या मधेच बर्फ पडला तर?

एप्रिल-मेमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी प्रणाली, येतात आणि एका रात्रीत फूटभर बर्फ टाकून जातात. सकाळी सगळं उजळतं, सगळे खूश होतात. पण बर्फवृष्टीनंतरचं पहिलं कडक ऊन हा फार वाईट काळ असतो. नवा बर्फ अजून खालच्या थराला चिकटलेला नसतो आणि उन्हाने एकदम जड होतो. किमान २४ तास, जास्त पडला असेल तर ४८ तास थांबा. ज्या कार्यक्रमात एकही राखीव दिवस नाही, तो कार्यक्रम मला मान्य नाही. परतीचं रेल्वेचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढलं असेल तर निर्णय तुम्ही घेत नसता, तिकीट घेत असतं.

खड्डा खणून थर बघणं गरजेचं आहे का?

शिकण्यासाठी जरूर खणा. धोकादायक नसलेल्या, पण त्याच दिशेच्या आणि उंचीच्या छोट्या उतारावर कमरेएवढा खड्डा घ्या आणि वरच्या भिंतीवर कडकपणा तपासा: मूठ शिरते, चार बोटं, एक बोट, पेन्सिल की फक्त सुरी. कडक थराखाली एकदम मूठ शिरणारा थर आला तर तिथे लक्ष द्या. थर्मामीटर असेल तर दर १० सेंटिमीटरवर तापमान घ्या. वरपासून खालपर्यंत सगळीकडे शून्य अंश आलं, तर त्या बर्फात थंडीची शिल्लक उरलेली नाही. आता तो रात्रीच्या गोठण्यावरच उभा आहे.

ठोकून पाहण्याची चाचणीही असते. ३० सेंटिमीटर लांब-रुंद खांब सुटा करायचा, वर फावडं ठेवायचं, आणि मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० असे ठोके द्यायचे. लवकर आणि स्वच्छ तुटला तर ती वाईट खबर. पण खांब तुटला नाही म्हणून उतार सुरक्षित, असा अर्थ कधीच काढू नका. एक खड्डा एकाच जागेचं सांगतो. नवशिक्यांनी तर खड्ड्यावरून ‘जायचं’ हा निर्णय घेऊच नये, ‘नाही जायचं’ एवढाच घ्यावा.

नाळेतून चढणं सोपं वाटतं. तसं करावं का?

सह्याद्रीत आपल्याला नाळेची, म्हणजे दोन उतारांमधल्या अरुंद घळीची, सवय असते. नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी नाळच माथ्यावर नेते. बर्फात ही सवय उलटी करावी लागते. दोन्ही बाजूंच्या उतारांचा बर्फ नाळेतच येऊन साठतो, आणि अरुंद जागेत थोडा बर्फही माणसाला खोल गाडतो. सोंडेवरून जा. वाट लांब पडली, वारा लागला, तरी सोंडच.

बर्फाखालून ओढा वाहत असेल तर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून मी स्वतःच यादीत घातला आहे. साध्या ट्रेकवरच्या माणसाची मोठ्या हिमस्खलनापेक्षा या बर्फाच्या पुलांशी रोज गाठ पडते. हिवाळ्यात हिमस्खलनाचा ढिगारा ओढ्यावर येऊन बसतो, वसंतात पाणी त्याला खालून पोखरतं आणि ऊन वरून. वरून पाहिलं तर नुसता पांढरा पट्टा.

आधी थांबून ऐका. पाण्याचा आवाज मोठा आणि पोकळ येत असेल तर छत पातळ आहे. मधोमध खोलगट झालेला, करडा पडलेला किंवा भोकं असलेला भाग टाळा. वरच्या आणि खालच्या तोंडाकडे जाऊन बाजूने जाडी बघता आली तर बघा, पण काठावर उभं राहून नाही. काठीने दर पावलाला टोचत, एकेकाने, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून पार करा. सकाळी ज्यावरून खेचरं गेली, त्यावरून दुपारी माणूस जाईलच असं नाही. आणि पहिले दहा जण गेले म्हणजे अकरावा जाईल, हे तर मुळीच नाही.

कड्यावर लोंबणारी बर्फाची कड, कॉर्निस?

वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ती बाहेर वाढते. माथ्यावरून ती जमिनीसारखीच दिसते आणि तुटते तेव्हा वाटतं त्याहून मागून तुटते. तिच्यावर उभं राहू नका, उन्हात तिच्याखाली थांबू नका.

सर पासवर बर्फावर बसून घसरत उतरतात, ती घसरगुंडी करावी की नाही?

लीडरने उतार, वेळ आणि शेवटची थांबायची जागा पाहून परवानगी दिली तरच. शेवटी सपाटी हवी, खडक किंवा ओढा नको. क्रॅम्पॉन किंवा स्पाइक (बुटाला लावायचे धातूचे दात) घालून कधीही घसरू नका. दात बर्फात अडकला की घोटा मोडतो. पुढचा उठून बाजूला झाल्याशिवाय मागच्याने सुटायचं नाही.

सरकारी अंदाज मिळतो का?

मिळतो. संरक्षण संशोधन संस्थेच्या अंतर्गत चंदीगडला डीजीआरई ही संस्था आहे. बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी जुनी सासे संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. ती हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते, त्यात धोक्याची पातळी आणि कोणत्या उंचीच्या वर तो लागू आहे हे असतं. सोबत हवामान खात्याचा अंदाज पाहा. हे निघण्याआधी आठवडाभर रोज वाचा, म्हणजे तिथल्या बर्फाचा इतिहास कळतो. पण इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्यासमोरच्या उताराचा नाही. ते तुम्हालाच बघायचं आहे.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं लागतंच का?

पायवाटेच्या, कमी उताराच्या ट्रेकला बहुधा नाही. तीव्र उतारांच्या खिंडीसाठी, शिखरासाठी, स्कीइंगसाठी हो, आणि तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे. एकाकडे असून उपयोग नाही: जो गाडला जाईल त्याला बाकीच्यांनी शोधायचं असतं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. फोन जवळ असला तर त्यात गडबड होते. शोधताना फोन बंद किंवा किमान अर्धा मीटर दूर ठेवा. सराव ठाण्यातल्या कुठल्याही मैदानावर होतो: एकजण यंत्र लपवतो, बाकीचे घड्याळ लावून शोधतात.

हिमस्खलनात सापडलोच तर?

ओरडा, बाजूला पळायचा प्रयत्न करा, काठ्या टाका. वाहून जाताना वर राहायची धडपड सोडू नका. वेग कमी होतोय असं वाटताच हात तोंडासमोर आणा. श्वासासाठी जागा राहिली पाहिजे. थांबल्यावर बर्फ इतका घट्ट बसतो की बोटही हलत नाही.

बाहेर असलेल्यांनी: शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवा. वर धोका उरलेला नाही हे पाहून तिथून खालच्या दिशेने शोधा. टोपी, काठी, हातमोजा काहीही दिसलं तर तिथे आधी. मदत आणायला सगळे पळू नका. परदेशातल्या नोंदींनुसार पूर्ण गाडलेल्याला १० मिनिटांत काढलं तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर दहापैकी तीनच्या आसपास. ओला बर्फ जड असल्यामुळे वेळ आणखी कमी. हेलिकॉप्टर या वेळेत येत नाही. शोधणारे तुम्हीच.

परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर नेऊ नका, भारतात तो गुन्हा आहे. संपर्काची व्यवस्था आयोजकांकडे काय आहे, ते आधी विचारा.

लीडर म्हणतोय जाऊ, मला बरोबर वाटत नाही. मी नवखी आहे, बोलू का?

बोला. ‘मला भीती वाटते’ असं म्हणण्यापेक्षा काय पाहिलं ते सांगा: ‘दादा, रात्री दोनपासून ढग होते, पाय घोट्यापर्यंत जातोय, समोरच्या उतारावरून गोळे येतायत.’ चांगला लीडर यावर चिडत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. त्यांच्यात अनुभवी प्रशिक्षक होते. अनुभव असला तरी डोळे जास्त असलेले बरे. आणि गावचे वाटाडे, गद्दी मेंढपाळ, खेचरवाले ‘आज नको’ म्हणाले, तर तो विषय तिथेच संपवा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना काय विचारायचं?

राखीव दिवस आहे का. खिंडीच्या दिवशी किती वाजता निघता आणि किती वाजता मागे फिरायचं ठरलेलं आहे. एका तुकडीत किती जण, आणि तीव्र उतारावर त्यांना अंतर ठेवून एकेक करून सोडता का. पन्नास जणांची रांग एकाच उताराखाली उभी करणारा आयोजक स्वस्त असला तरी नको. गेल्या मोसमात किती तुकड्या खिंड न करता परतल्या, हेही विचारा. ‘एकही नाही’ हे उत्तर अभिमानाने आलं, तर दुसरा आयोजक शोधा.

नोंदी ठेवायच्या म्हणता, त्या कशा?

खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेनची शाई गोठते. रोज तीन वेळा, पहाटे, दुपारी, झोपताना: वेळ, उंची, आकाश किती ढगाळ, हवेचं तापमान, वारा कुठून, पाय किती रुतला, मुठीत बर्फ कसा, कुठल्या दिशेच्या उतारावर काय पडलं. समोरच्या तुकडीची गाठ पडली तर वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून पलीकडच्या बाजूचं लिहून घ्या. परत आल्यावर वही गटाकडे द्या. पुढच्या आठवड्यात त्याच वाटेने जाणाऱ्या तुकडीला आम्ही त्या नोंदी फोनवर वाचून दाखवतो, म्हणून अक्षर वाचता येईल असं काढा.